लाल फाकेतली तीन मिनिटं

खरं माना, नाहीतर म्हातारीला भ्रम झाला म्हणा. मला काही फरक पडत नाही. जे घडलं ते मी माझ्या या दोन कानांनी ऐकलंय.

मागच्या हिवाळ्यातली संध्याकाळ होती. समुद्राकाठचं जुनं वायरलेस स्टेशन. पूर्वी इथून भर समुद्रातल्या जहाजांशी बोलणं व्हायचं. आता त्याचं म्युझियम झालंय. यंत्रं जागच्या जागी आहेत, पण सगळ्यांच्या वायरी कापलेल्या.

आमचे हे तिथे ऑपरेटर होते. ते गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली. झाडायचं, पुसायचं, आल्यागेल्याला दाखवायचं.

घड्याळ तेवढं अजून चालतं. त्याच्या तबकडीवर लाल रंगाच्या दोन फाका आहेत. काटा त्यांत शिरला की तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. जहाजांनीही, स्टेशनांनीही. कुणी बुडत असेल, तर त्याची बारीकशी हाक ऐकू यावी म्हणून.

ह्यांनी तसलंच घड्याळ घरीही लावलं होतं! भांडण ऐन रंगात आलं की काटा लाल फाकेत. हे लगेच टेबलावर टकटक करणार. एक छोटा ठोका, एक लांब, मग तीन छोटे. त्यातला शेवटचा जरा ओढून. म्हणजे ‘थांब’. तेवढी एकच खूण मला यायची. असा राग यायचा म्हणून सांगू!

आता भांडायलाही कुणी नाही. घर खायला उठतं.

त्या दिवशी मुलाचा फोन आला. “आई, एकटी काय करतेस तिथे? ये ना इकडे कायमची. तिकीट काढू?”

“रात्री सांगते,” म्हटलं.

संध्याकाळी स्टेशनात ह्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले.

“अहो, जाऊ का पोराकडे? आता तरी उत्तर द्या की!”

काटा लाल फाकेत शिरला...

आणि समुद्राचा आवाज बंद झाला.

वारा नाही. लाटा नाहीत. खिडकीची काच रोज खडखडते, तीही गप्प.

मग... टक.

संदेश पाठवायची पितळी कळ आपोआप खाली गेली होती.

एक छोटा. एक लांब. तीन छोटे.

थांब.

मी ह्यांच्या खुर्चीला बिलगले. ढसाढसा रडले. काटा फाकेबाहेर आला, तशा लाटा पुन्हा ऐकू यायला लागल्या.

घरी येऊन मुलाला फोन लावला. “मी येत नाही रे. तुझे बाबा थांब म्हणालेत.”

“बाबा?” त्याने विचारलं. मग “बरं” म्हणाला, आणि फोन ठेवला.

कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. खुशीत टेबलावर तसंच वाजवून पाहिलं. अगदी ह्यांच्यासारखं...

आणि हात तिथेच राहिला.

हे म्हणायचे, प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा, माणसाच्या आवाजासारखा. शेवटचा ठोका ओढलेला ऐकला की दूरच्या जहाजावरचे लोकही ह्यांना ओळखायचे.

स्टेशनातला शेवटचा ठोका...

ओढलेला नव्हता.

तो ह्यांचा हात नव्हता.

मुलाने त्यानंतर पुन्हा विचारलं नाही. मी रोज स्टेशन उघडते. लाल फाक जवळ आली की बाहेर पायरीवर येऊन बसते, कान झाकून.

थांबलेय मी. कुणाच्या सांगण्यावरून, ते अजून कळलेलं नाही.