चार बोटांची पावलं

"शेडमध्ये जनावर शिरलंय! लवकर या!" मी फोनवर एवढंच ओरडले आणि आत्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

आत्याच्या रोपवाटिकेत मी कलमं बांधते. पाली हाकलते, गांडुळं तर हातात घेते... पण त्या सकाळी कुंड्यांच्या शेडमधल्या माळ्यावरून दोन डोळे माझ्याकडे टक लावून बघत होते आणि माझी बोबडीच वळली.

तो आला. मोटारपंप दुरुस्त करणारा आणि कुणाचा फोन आला की साप पकडायला धावणारा. सगळे त्याला पंपवालाच म्हणतात. हातात साप धरायचा आकडा, खांद्यावर कापडी पिशवी. ऐटीत शिडी चढला, माळ्यावर डोकावला आणि तसाच थांबला.

"अहो, हे तर उदमांजर आहे!"

"मग? मी काय सांगितलं? जनावर."

"जनावर म्हटलं की लोक साप समजतात!"

"मग याला काय पाहुणे म्हणायचं?"

तो हसला. शिडीवर, तो बिनकामाचा आकडा धरून, असा काही हसला की माझी भीती कुठच्या कुठे पळाली. त्याच्या गालाला ग्रीस लागलं होतं. सांगावंसं वाटलं... सांगितलं नाही.

माळ्यावर आई होती आणि तिची तीन पिल्लं. "चालायला लागली की तीच घेऊन जाईल. तोवर हात लावायचा नाही," तो म्हणाला. आत्याने कपाळावर हात मारला. नव्या रोपांसाठी तिला शेड रिकामी हवी होती. मग त्याने खांबाच्या बुडाशी चाळलेली माती अंथरली. रात्री आई ये-जा करणार, सकाळी पावलं दिसणार. दिसेनाशी झाली की शेड मोकळी.

तो रोज सकाळी पावलं बघायला येऊ लागला.

"आज वेणी घातलीत?"

"उदमांजर बघायला येता की माझे केस?"

"ते दिवसा झोपलेलं असतं हो... मग बघायचं काय?"

मी तोंड फिरवून झारी उचलली. त्या दिवशी एकाच रोपाला मी इतकं पाणी घातलं, की आत्या म्हणाली, "पोहायला शिकवतेस का त्याला?"

आणि मग एके सकाळी माती कोरी दिसली. शिडीवर चढून पाहिलं. माळा रिकामा. आता तो कशाला येईल? पंप तर आमचा ठणठणीत होता, मेला!

मी घरची मांजर उचलली आणि तिचे पंजे मातीत दाबले. तिने मला चांगलंच ओरबाडलं.

तो आला, वाकला, बराच वेळ बघत राहिला. "आहे म्हणजे अजून," म्हणाला आणि माती पुन्हा सारखी करून गेला. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. मग रोजच.

शेवटी आत्या वैतागली. "पावलं असोत नसोत, उद्या शेड रिकामी करणार!"

त्या 'उद्या' तो जरा लवकरच आला. मी उकिडवी बसलेली, मांजर बगलेत, तिचा पंजा मातीत... रंगेहाथ सापडले!

तो माझ्यासमोर बसला. "एक सांगू? उदमांजराच्या पावलाला पाच बोटं उमटतात. ही चारच आहेत."

माझे कान तापले. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने आलो असतो?"

आता गप्प बसले तर हा उठून जाईल, एवढंच मला कळत होतं.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "खूप. माती नसली तरी या... रोज या."

त्याने माझा ओरबाडलेला हात हळूच हातात घेतला. "मला वाटलं, हे मलाच म्हणावं लागणार. रात्रभर पाठ करत होतो."

"मग म्हणा ना."

"आता सगळं विसरलो."

"ठरलं का तुमचं?" दारातून आत्या ओरडली. "मग ती मांजर सोडा बिचारी आणि कुंड्या उचलायला लागा दोघं!"

तो उठला, बाह्या सरसावल्या आणि मला हात दिला.

"चल," तो म्हणाला. पहिल्यांदाच, 'चला' नाही.