खालून उत्तर आलं तरच

लाइट येईल तेव्हा येईल. ते मोबाइल आधी खाली ठेवा, उजेड डोळ्यांत जातो माझ्या. आणि धाकटे, तुला मध्येच उठून पळायचं असेल तर आत्ताच पळ. अर्धी ऐकून झोपायला जाण्यासारखी गोष्ट नाही ही.

आप्पा म्हणजे माझा साडू. एका मोठ्या कॉलेजात वायरमन होता. चार शब्द बोलायचे असले तर त्यातले तीन गिळणारा माणूस. त्यामुळे त्याने हे स्वतःहून सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं नाही.

सोमवारची रात्र होती, अकरा वाजून गेले होते. आप्पा खांद्यावर शिडी घेऊन जुन्या वसतिगृहाचा जिना चढत होता. काम साधंच. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत छताला एक गोल दिवा होता. तो काढायचा, त्यामागचं भोक पुट्टीने बुजवायचं आणि वरून रंगाचा हात मारायचा. रात्रीच करायचं आणि एकट्यानेच करायचं, एवढंच काय ते वेगळं.

आता ते भोक कसलं, ते ऐका.

आदल्या वर्षी त्या खोलीत एक मुलगा राहायचा. त्याच्या खोलीतली ट्यूब गेली म्हणून आप्पा आणि त्याचा जोडीदार गेले, तर ट्यूबशेजारी छतात अंगठा जाईल एवढं भोक आणि खोलीभर जळका वास. जोडीदाराने स्क्रू ड्रायव्हरने उकरलं तेव्हा चेपलेली गोळी बाहेर आली. बंदुकीची गोळी. मुलगा पलंगावर बसून शांतपणे बघत होता. चुकून उडाली म्हणाला. दोघांनी ती गोळी नेऊन ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब वैतागले. आधीच्या कॉलेजातून असंच कुणावर तरी पिस्तूल रोखून आला होता, इथे तरी सुधारेल वाटलं होतं, असं त्यांच्याच तोंडून निघून गेलं. मग त्यांनी गोळी रुमालात बांधून खिशात घातली आणि म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाचं कुणीतरी संस्थेच्या मंडळावर होतं म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही, मी ऐकलेलं सांगतोय. मुलाला दुसऱ्या इमारतीत हलवलं, आणि भोकावर गोल दिवा बसवला तो आप्पानेच.

जोडीदार मात्र ऐकेना, पोलिसांत जाऊ म्हणायचा. त्याला सगळे रेडिओ म्हणत. कारण काय, तर बंदच होत नसे. आप्पाने त्याला समजावलं की हात दाखवून अवलक्षण कशाला? राहायला खोली कॉलेजची, नोकरी कॉलेजची, उद्या बाहेर काढलं तर बायकापोरांना घेऊन जायचं कुठे? रेडिओ जन्मात एकदाच गप्प बसला असेल, तो तेव्हा.

आणि मग या वर्षी भरदुपारी तो मुलगा ग्रंथालयात शिरला. पिस्तूल काढलं आणि झाडत सुटला. शिकणारी मुलं गेली रे, तुमच्याच वयाची. रेडिओ तेव्हा तिथेच, ग्रंथालयात शिडीवर होता. एरवी वर आप्पा चढायचा आणि रेडिओ खाली बोर्डापाशी उभा राहायचा. त्या दिवशी आप्पाची कंबर धरली होती, म्हणून रेडिओ म्हणाला, तुम्ही थांबा खाली, मी चढतो. त्याला उतरायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्यानंतर आप्पा बधिर झाला. रडला नाही, ओरडला नाही. समोर ठेवलेलं जेवायचा, सांगितलेलं काम करायचा, रात्री छताकडे बघत पडायचा. माझी मेहुणी म्हणायची, भिंतीशी बोलावं तसं झालंय. कॉलेजने पेपरात छापून आणलं की मुलगा हुशार, शांत, आधीची कसलीही तक्रार नाही. पोलिसांनी त्याची नवी खोली सील केली. जुनीबद्दल कुणी विचारलंच नाही. रेडिओची बायको आप्पाकडे आली आणि तिने एकच विचारलं.

"भावोजी, कुणाला आधी माहीत होतं का हो?"

आप्पा म्हणाला, नाही. मला सांगताना म्हणाला, तोंड माझंच होतं, पण बोलणारा दुसराच कुणीतरी वाटला.

मंगळवारी सकाळी बाहेरून चौकशी समिती येणार होती. म्हणून सोमवारी साहेबांनी बोलावून हे काम सांगितलं. वर असंही सांगितलं की समितीने विचारलं तर तुला काही ठाऊक नाही, आणि तुझ्या मुलाच्या नोकरीचं माझ्या लक्षात आहे. आप्पा हो म्हणाला. तेव्हा त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

तर तो खोलीत शिरला. दिवा लावला. पलंगावरची गादी गुंडाळलेली, खिडक्या बंद, धूळ. त्याने शिडी मांडली, पुट्टी कालवली, डबा शिडीला अडकवला, टॉर्च कपाळाला बांधला आणि चढला.

आता वायरमन लोकांची एक रीत असते. खोलीतल्या बटणावर ते विसंबत नाहीत. खालच्या बोर्डावरचा मेन स्विच बंद करायचा. वरचा ओरडतो, "बंद?" खालचा मेन पाडतो आणि ओरडतो, "बंद आहे." खालून उत्तर आलं तरच हात घालायचा. नाही आलं तर नाही घालायचा, मग कितीही घाई असो. आप्पा आणि रेडिओने अख्खी उमर ही रीत पाळली.

त्या रात्री आप्पा मेन पाडायला विसरला. इतक्या वर्षांत कधी विसरला नव्हता. डोकंच ठिकाणावर नव्हतं. वर चढला, पक्कड काढली, आणि सवयीने ओरडला.

"बंद?"

दिवा गेला.

जिन्यातून उत्तर आलं. "बंद आहे."

आणि ऐका, आप्पाने काम सुरू केलं. हो. टॉर्चच्या उजेडात दिव्याचे स्क्रू काढले, उघड्या तारा बोटांनी सोडवल्या, वळवून टोकाला चिकटपट्टी लावली. रोजचंच होतं ना ते. रोज तसंच व्हायचं. दिवा काखेत घेतला. वर भोक दिसलं.

मग त्याच्या लक्षात आलं.

खाली कुणी नाही…

मुलं घरी पाठवलीत, वसतिगृह रिकामं आहे. दाराला कुलूप आपणच आतून घातलंय.

शिडीवर तो तसाच उभा राहिला. काखेत दिवा. मला म्हणाला, भीतीसुद्धा नीट वाटेना.

"कोण आहे?"

…

"रेडिओ?"

…

काही नाही. कुठे पाल चुकचुकली नाही की दार वाजलं नाही. बराच वेळ गेला. पुट्टी डब्यात घट्ट व्हायला लागली. आप्पाने पत्र्याच्या पट्टीवर ती घेतली. हात वर नेला. भोकापर्यंत नेला. आणि तिथे थांबला. इतक्या वर्षांची रीत. विचारल्याशिवाय हात पुढे जाईना.

"बुजवू?"

…

"बुजवू का रे?"

…

जिन्यात कुणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं. पण उभं होतं. श्वास धरून माणूस उभा राहतो ना… तसं.

आप्पाने तिसऱ्यांदा विचारलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

…

उत्तर आलं नाही.

उत्तर नाही म्हणजे हात घालायचा नाही. आप्पा खाली उतरला. पट्टीवरची पुट्टी डब्यात परत टाकली. जिना उतरताना एकदाही मागे बघितलं नाही, भिंतीला हात लावून लावून उतरला. खाली बोर्डाच्या पेटीला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात. त्याने पेटी उघडली.

मेन पाडलेला होता.

त्याने तो तसाच ठेवला. साहेबांच्या घरी जाऊन दारातूनच सांगितलं, जमलं नाही. साहेबांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. पहाटे त्यांनी रंगाऱ्याला उठवून पाठवलं आणि भोक बुजवून घेतलं. हे आप्पाला माहीत नव्हतं.

सकाळी समितीसमोर आप्पाची पाळी आली. तीन माणसं बसली होती, मधोमध एक वयस्क बाई. साहेब बाजूला. बाईंनी विचारलं, त्या मुलाबद्दल आधी काही कळलं होतं का? आप्पाने साहेबांकडे बघितलं नाही. म्हणाला, "होतं, बाई. मला होतं, साहेबांना होतं. ज्याला सांगायचं होतं त्याला मीच गप्प बसवलं." आणि मग गोळी, रुमाल, दिवा, सगळं सांगितलं. जन्मात तो एवढं एका दमात बोलला नव्हता.

साहेब हसले. माणसाला धक्का बसलाय बिचाऱ्याला, म्हणाले. चला, खोलीच दाखवतो, तुम्हीच बघा कुठे भोक आहे ते. इतके निर्धास्त होते.

सगळे वर गेले. साहेबांनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं.

छतात भोक होतं. उघडं. भोवती ओल्या रंगाचा गोल. आणि खाली फरशीवर बाटलीच्या बुचासारखा पुट्टीचा गोळा पडला होता. अख्खा, घट्ट झालेला.

ओला रंग बघून बाईंनी रंगाऱ्याला बोलावलं. तो घाबरून म्हणाला, मी पट्टीने भरलं, पट्टीनेच सारखं केलं, बोटसुद्धा लावलेलं नाही. बाईंनी गोळा उचलला, उजेडात धरला आणि आप्पाच्या हातात दिला.

आप्पाला तेव्हा कुठे रडू फुटलं. सगळ्यांसमोर, लहान मुलासारखा रडला.

गोळ्याच्या एका टोकावर रंग होता, गुळगुळीत. ती खालची बाजू. दुसऱ्या टोकावर अंगठ्याचा ठसा होता, पुट्टी ओली असताना दाबलेला, रेघ न् रेघ दिसत होती. आणि ते टोक भोकाच्या आतलं होतं.