टेहळ्यांचा नकार

मधमाश्यांच्या पेटीला मुंग्या लागू नयेत म्हणून वत्सलाबाई नागरेंनी तिच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दार उगवतीकडे केलं, वर बोरीची सावली नीट येतेय ना ते पाहिलं. पंधरा पावलांवर परातीत खडे पसरून नळाचं पाणी ओतलं; खड्यांवर बसून प्यायल्या की माश्या बुडत नाहीत. समोर दीड एकरात बियाण्याच्या कांद्याचे पांढरे गोंडे उमलत होते. रानातली मोहोळं दिसेनाशी झाल्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून पराग लागावा म्हणून बाया लावून गोंड्यागोंड्यावरून हात फिरवावा लागे आणि तरी बी निम्मंच भरे. यंदा त्यांनी सातेरी माश्यांच्या चार वसाहती मागवल्या होत्या.

पण हल्ली मागवल्या आणि आल्या, असं नव्हतं. आधी टेहळ्या येत, जागा पारखणाऱ्या माश्या.

"चाळीस आहेत," मधुपालन केंद्राचा तन्वीर शेख पोळ्याचा तुकडा बसवलेली काचेची डबी पेटीवर ठेवत म्हणाला. "पाच दिवस शिवार धुंडाळतील. कुठे, किती लांब, काय सापडलं ते परत येऊन नाचून सांगतील. डबीतलं नृत्यवाचक यंत्र तो नाच टिपतं."

"मुलगी बघायला आल्यासारखंच की! आणि पसंत नाही पडलं तर?"

"तर वसाहती पाठवत नाही, मावशी. आधी न विचारता पाठवायचो. आठवडाभरात पेट्या रिकाम्या व्हायच्या."

पाचव्या दिवशी तो आला आणि त्यानं यंत्राच्या पडद्यावर शिवाराचा नकाशा उघडला.

"कांदा पसंत. शेवगा, बोर, सगळं पसंत. कुठे फवारणीचा त्रासही नाही," तो म्हणाला. "पण हे बघा. एखादी माशी वाईट जागेहून आली आणि दुसरी तिथलाच नाच करायला लागली, की पहिली तिला डोक्यानं ढोसते आणि बारीक आवाज करते. थांब, तिकडे जाऊ नको, असं. तसे एकशे बारा हुंकार आहेत. सगळे एकाच जागेसाठी."

"कुठल्या?"

त्यानं परातीकडे बोट केलं.

वत्सलाबाईंनी परात रिकामी केली, घासली, पुन्हा नळाचंच पाणी भरलं. दुपारपर्यंत हुंकार सुरूच. मग तन्वीरनं बांधापलीकडच्या त्यांच्या शेततळ्यातलं पाणी आणून ठेवलं. घटकाभरात सहा माश्या खड्यांवर बसल्या.

"झालं काम! तळ्यातलं पाणी ठेवा, परवा वसाहती आणतो," तो म्हणाला.

वत्सलाबाईंना हायसं वाटलं. ते हातातला तांब्या तोंडाला लावेपर्यंतच टिकलं. तांब्यात सकाळचं नळाचं पाणी होतं.

"पाण्यात आहे तरी काय?"

"ते यंत्राला कळत नाही. ते फक्त माश्यांचं ऐकतं."

त्या तशाच बाटली भरून सरपंच कुंदाताई जायभायेंकडे गेल्या. कुंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत.

"नमुना आजच तालुक्याला पाठवते. अहवालाला आठ दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "पण माश्या नको म्हणतात म्हणून तीनशे घरांचा नळ कसा बंद करू? बाधत नसेल तर लोक मला वेड्यात काढतील."

"आणि बाधत असेल तर?"

कुंदाताईंनी बाटलीवर तारीख घातली आणि शिपायाला हाक मारली.

ठरल्याप्रमाणे वसाहती आल्या. तन्वीरनं दारं उघडताच माश्या आधी भिरभिरल्या, मग सरळ गोंड्यांवर गेल्या. वत्सलाबाई पाहत राहिल्या. तीन वर्षांनी शेत गुणगुणत होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. नळाची गोष्ट गावभर झाली होती; गल्लीतल्या आठ-दहा बाया कळश्या घेऊन उभ्या होत्या. मागून आणखी येत होत्या.

"वत्सलाबाई," पुढची हलकेच म्हणाली, "माश्या पितात ते पाणी कुठलं?"

तळ्यातलं पाणी दीड एकराला बी भरेपर्यंत, महिनाभर, जेमतेम पुरणार होतं. वत्सलाबाईंनी फाटक उघडलं आणि बायांना तळ्याकडची बांधावरची वाट दाखवली. गोंडे आणि गाव, दोघांना मिळून ते किती दिवस पुरेल?