बावन्न आठवड्यांचं पत्रक

निनाद पाटणकरच्या दंडात तांदळाच्या दाण्याएवढी बीजकुपी बसवायला डॉक्टर रुजुता सोमण यांना चार मिनिटं लागली, आणि ती काय करणार हे समजावून सांगायला दीड तास. समजून घेत होती ती त्याची बायको केतकी. निनाद स्वतः खिडकीबाहेर बघत होता. गेली दोन वर्षं तो असाच कुठेतरी बघत बसायचा. बावन्नाव्या वर्षी माणूस थकतो हे केतकीला मान्य होतं, पण हा पार विझला होता. तपासणीत टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं दिसलं तेव्हा तिला वाईट वाटण्याऐवजी हायसंच वाटलं. तिला तिचा निनाद परत हवा होता, बाकी काही नको होतं.

"घाई करायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिसऱ्या आठवड्यापासून इच्छा जागी होऊ लागेल. सहाव्याच्या सुमारास मन वर येईल. दंड-पोटऱ्यांत फरक दिसायला तीन-चार महिने, हाडांना त्याहून जास्त. मधल्या काळात रक्त फार दाट होत नाही ना, ते आपण तपासत राहू."

केतकी पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या स्वयंचलित दारांची अभियंता होती. तिने नेमकं विचारलं, कुपीतून टेस्टोस्टेरॉनचा बाहेरून भरणा सुरू झाला की शरीराचा स्वतःचा कारखाना काय करतो?

"बंद पडतो. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी रक्तातली पातळी बघून हुकूम सोडते. पातळी भरलेली दिसली की हुकूम थांबतो. माल बाहेरून आलाय की आतून, हे तिला कळत नाही."

"आमची दारंही अशीच. खाली पाणी दिसलं की वरचं दार मिटतं."

"तेच. आणि उपचार थांबवले, तर कारखाना जागा व्हायला महिने लागतात. एखाद्याचा होतही नाही."

डॉक्टरांच्या उपचार केंद्राची खरी करामत मात्र पुढेच होती. बीजकुपीने रक्तात घेतलेल्या मोजमापांवरून तिथलं गणकयंत्र रुग्णाला त्या दिवशी काय वाटेल, ते रोज पहाटे वर्तवायचं. त्याला पूर्वपत्रक म्हणत. घरातला एक बदलला की दुसऱ्याचं बिनसतं, म्हणून केतकीच्याही मनगटाला पट्टी बांधली गेली आणि पत्रकात तिच्यासाठी दुसरी ओळ आली. पुरुष मंडळी सूचनांचा कागद वाचत नाहीत हा केंद्राचा अनुभव असल्यामुळे पत्रक बायकोने सकाळच्या चहाआधी मोठ्याने वाचायचं, असा नियमच होता.

तिसऱ्या आठवड्यात पत्रक म्हणालं, संध्याकाळी जवळ बसावंसं वाटेल. निनाद येऊन बसला. केतकीच्या ओळीत होतं, लाज वाटेल, पण बरंही वाटेल. तिला दोन्ही वाटलं, आणि यंत्राच्या चावटपणाचं हसूही आलं. सहाव्या आठवड्यात तो दाढी करताना गुणगुणू लागला. चौथ्या महिन्यात त्याने गव्हाची कोठी एकट्याने उचलून पलीकडे ठेवली. शेजारणी विचारायच्या, नवऱ्याला खायला काय घालतेस? केतकी खुशीत होती, आणि तिच्या ओळीतही तेच असायचं.

सातव्या महिन्यात दुपारी दोन तास चिडचिड होईल असं आलं. निनाद बरोबर दोन तास चिडला आणि मग वर्तमानपत्र उघडून बसला.

नवव्या महिन्यात त्याचा थोरला भाऊ कामावर असतानाच गेला. यंत्राला ही खबर असण्याचं कारणच नव्हतं. त्या सकाळी दोघांच्याही ओळीत 'दिवस प्रसन्न जाईल' असं होतं. निनाद हसतमुखाने भावाला खांदा देऊन आला. केतकी आल्यागेल्याला चहा देत, चौकशा करत घरभर हिंडली. नातेवाईक एकमेकांकडे बघत राहिले. केंद्राला खबर पोचली आणि दुसऱ्या दिवशी पत्रकात शोक आला, तेव्हा दोघंही ढसाढसा रडली. लोक म्हणाले, काल बिचाऱ्यांना धक्का बसला असेल.

बावन्न आठवडे पुरे झाले आणि पत्रक थांबलं. एव्हाना शरीर स्थिरावतं, पुढे भाकिताची गरज नाही, असं केंद्राचं धोरण. बीजकुपी आपलं काम करत राहणार होती.

सोमवारी सकाळी निनाद टेबलाशी बसला. चहावर साय धरली. त्याचा चेहरा दुःखी नव्हता, आनंदी नव्हता, पूर्वीसारखा थकलेलाही नव्हता. केतकीने विचारलं, काय झालं?

"आज काही आलेलं नाही ना," तो म्हणाला.

मंगळवारीही तो तसाच बसला. बुधवारी केतकीने अभियंत्याच्या सवयीने चाचणी घ्यायचं ठरवलं. वाणसामानाच्या यादीमागे तिने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आणि रोजच्या आवाजात वाचली. "आज बायकोबद्दल फार माया वाटेल."

निनाद उठला. जवळ येऊन त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. केतकीने घड्याळ पाहिलं. दीड मिनिट लागलं होतं. ते तिने यादीमागेच टिपून ठेवलं आणि केंद्राला फोन लावला.

डॉक्टर सोमण यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं. वाटण्याचाही हुकूम आतूनच सुटावा लागतो. वर्षभर तो रोज सकाळी बाहेरून भरून मिळाला. आतल्या मनाने पातळी भरलेली पाहिली आणि हुकूम देणं सोडून दिलं. यंत्राचं भाकीत कधीच चुकलं नाही, याचा केंद्राला अभिमान होता. ते का चुकत नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

"तो आतला कारखाना जागा होईल?" केतकीने विचारलं.

"महिने लागतील. होईलच असं मी सांगू शकत नाही." डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "केतकीताई, तुम्हाला काय वाटतंय आत्ता?"

केतकीने विचार केला. नवरा तिच्या खांद्यावर रडत होता. तो पुन्हा त्याचा स्वतःचा होईल की नाही, हे कुणाला माहीत नव्हतं. अशा वेळी बाईला काहीतरी वाटायला हवं. तिने आत शोधून पाहिलं. तिथे काही नव्हतं. सोमवारपासून तिच्यासाठीही ओळ आलेली नव्हती.

"भीती वाटत असेल ना?" डॉक्टर म्हणाल्या.

आणि केतकीला भीती वाटू लागली.