त्याचं लाकूड आलंय

विश्वास ठेवा, नाही तर ठेवू नका. ओबेद हॅस्किन्स माझ्या आईचे मामा. त्यांच्या हाताचा स्पर्श मला स्वतःला झालेला आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं सॉल्टर्स नेक. इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. खाडी गोठून तिच्यावरून बैल चालत गेले, तो हिवाळा.

ओबेद मास्तर गावात लॅटिन शिकवत. लॅटिन आलं तर कॉलेज. नाही आलं तर जन्मभर मासे खारवायचे.

शाळेचा नियम जुना होता. प्रत्येक घरानं सरपण पाठवायचं. ज्याचं लाकूड, त्याला शेकोटी.

ज्याचं नाही, त्यानं दाराशी बसायचं.

एनोस टफ्ट दाराशी बसायचा. बाप समुद्रात बुडालेला. आई, थँकफुल, लोकांची जाळी विणून पोट भरायची. एनोसची शाई गोठायची, मग तो दौत काखेत धरून वितळवायचा.

"अंडं उबवतोय," शेकोटीजवळची पोरं म्हणायची.

मास्तरही हसायचे.

पण मास्तरांनी प्रश्न विचारला की हीच पोरं छताकडे बघत बसत. मग दाराकडून खोकला यायचा...

आणि बिनचूक उत्तर.

पाद्री आणि गावचे पंच परीक्षा घ्यायला येणार होते. उत्तरं आली नाहीत, तर मास्तरांची नोकरी जाणार. भर थंडीत रस्त्यावर. सगळी भिस्त एनोसवर होती, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तरी थँकफुल विनवायला आली, तेव्हा ते म्हणाले, "एकाला सूट दिली, बाई, तर उद्या गावातून काटकी यायची नाही."

एनोसची छाती कफानं भरली. तो गेला.

जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणता येईना. शवपेटी घराच्या पडवीतच ठेवली. बर्फ वितळेपर्यंत.

मग थँकफुल पाठीवर मोळी घेऊन शाळेत आली. एनोसची खाट होती ती. कुऱ्हाडीनं फोडलेली.

"त्याचं लाकूड आणलंय, मास्तर. आता त्याला शेकोटीजवळ बसू द्या."

मास्तरांनी परत पाठवायला हवं होतं. पण सरपण संपत आलं होतं. आणि नियम तो नियम.

त्यांनी मोळी ठेवून घेतली.

परीक्षेच्या सकाळी ती खाट पेटवली. ज्वाळा धडधडल्या. ऊब मात्र...

आलीच नाही.

पोरं एकेक करत शेकोटीपासून सरकली. बाकाचं टोक रिकामं झालं.

पाद्रींनी पहिला प्रश्न विचारला.

पोरं छताकडे बघू लागली.

मग शेकोटीकडून... खोकला.

आणि बिनचूक उत्तर.

दुसरा प्रश्न. खोकला. उत्तर.

तिसरा.

खोकला.

खोकला.

उत्तर.

पाद्री म्हातारे, डोळ्यांनी अधू. ते खूश झाले. "पोरगा तयार आहे, मास्तर. पण आगीशेजारी बसूनही केवढा काकडतोय बिचारा."

पंचांचे डोळे चांगले होते. त्यांनी बाकाचं टोक पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि निघायला टोप्या उचलल्या. लॅटिनचा मास्तर नसला, तर गावाला सरकारी दंड बसायचा, आणि या शाळेत आता दुसरा कोण येणार? त्यांनी ओबेद मास्तरांना जन्मभरासाठी नेमून टाकलं.

त्याच शाळेत. त्याच शेकोटीसमोर.

पुढं कित्येक वर्षं ते दाराशी बसून शिकवत राहिले.

मी भेटायला गेलो, तेव्हा जून होता. अंगाची लाही होत होती. मास्तर दाराशी, लोकरीच्या घोंगडीत गुरफटलेले. शेकोटीजवळचा बाक रिकामा दिसला. मी बसायला गेलो...

त्यांनी झपकन माझा हात धरला.

बर्फ. त्यांच्या बोटांवर शाई होती. तीही गोठलेली.

"तिथं नको," मास्तर हळूच म्हणाले. "त्याचं लाकूड आलंय."

शेकोटीत राखसुद्धा नव्हती. तरी तिकडून कुणीतरी...

मी मागं वळून पाहिलं नाही. आज माझे केस पिकलेत. अजूनही कुणाच्या घरी गेलो, की मी दाराशीच बसतो.