चौदा नंबरवर थांबलेली नॉरीन

ट्रकच्या रेडिओवर चौदा नंबरच्या चॅनलवर जाऊ या म्हणालास ना मघाशी त्या पोराला? गप्पाच मारायच्यात तर अठरावर जा, बावीसवर जा. पण आपल्या या रस्त्यावर सिडनी गावापासून पोटरपर्यंत चौदावर जायचं नाही. हसू नका रे. बाहेर बर्फ थांबेपर्यंत तुम्हाला तरी कुठं जायचंय? कॉफी घ्या आणि ऐका. व्हर्लिन डाइट्झ माझ्या चांगल्या ओळखीतला, आणि फेकाफेकी करणारा माणूस नव्हे तो.

गेल्या वर्षीचं आहे. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. व्हर्लिन ओगालालाहून ट्रक घेऊन शायानला निघाला होता. माल नेहमीचाच, गुरांचं खाद्य. सोबत घरचं एक काम होतं. बायकोचा जुना, ट्रकवाल्यांशी बोलायचा रेडिओ तिच्या बहिणीला नेऊन द्यायचा होता. रेडिओ घोंगडीत गुंडाळून खोक्यात घातला होता, आणि खोकं सीटमागच्या बिछान्यावर ठेवलं होतं.

बायकोचं नाव नॉरीन. पोटरच्या टेकडीवर त्यांचं घर होतं. फोन दोघांकडेही होते, पण यांची खोड वेगळी. घर दहा-बारा मैलांवर आलं की व्हर्लिन एकोणीसवरच्या बोलण्यात मधे शिरून हाक द्यायचा, "ब्रेक एकोणीस, चंडोल आहे का?" रेडिओवर तिचं नाव चंडोल आणि याचं खेचर. दोन्ही नावं तिनंच ठेवलेली. ती ओ द्यायची आणि दोघं लगेच चौदावर जायची. एकोणीस हा सगळ्यांचा रस्ता, तिथं आपला संसार मांडायचा नसतो. बोलणं संपलं की "चौदा मोकळं" म्हणायचं आणि पुन्हा एकोणीसवर यायचं. आणि कुणाला थांब म्हटलं असेल, तर त्यानं जागा सोडायची नाही आणि आपण त्याला तसंच टाकून जायचं नाही. तुम्हाला कुणी हे शिकवलं नसेल, तर आज शिका.

त्या गुरुवारच्या तीन हिवाळे आधी अशीच दोघं चौदावर बोलत होती. पुढं गाड्यांचे लाल दिवे एकदम पेटले. व्हर्लिन म्हणाला, "थांब गं, एकोणीसवर काय चाललंय बघतो. एक मिनिटात आलो."

एकोणीसवर आरडाओरडा चालला होता. पुलाखाली एक मोटार उलटली होती. व्हर्लिन ट्रक सोडून बर्फातून खाली धावला. आत अडकलेल्या मायलेकींना बाहेर काढता काढता उजाडायला आलं. मग तो घरी गेला.

नॉरीन स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली होती. डोकं टेबलावर, माईक हातात, रेडिओ चालू. चौदावर. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तिनं एकोणीसवर येऊन नुसती एक हाक मारली असती, तर दहा ट्रक टेकडी चढले असते रे. पण नवरा थांब म्हणून गेला होता. ती थांबली.

त्यानं वायर उपटली. रेडिओचं चॅनलचं बटण चौदावर होतं ते तिथंच राहावं म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी आडवी-उभी लावली. पुढं ओगालालाला एक खोली घेतली, आणि त्या गुरुवारच्या जरा आधी घर विकलं. नॉरीन गेली त्या दिवसापासून तो कधी चौदावर गेला नाही.

तर तो गुरुवार. रात्रीचे साडेअकरा. सिडनी मागं पडलं होतं. एकोणीसवर मागच्या ट्रकातली, लाल मिरची नावाची एक पोरगी वाऱ्याला शिव्या घालत होती.

"ओ खेचरकाका, झोपलात का? तुमचा ट्रक डुलतोय."

"वारा आहे, बये. तू तुझा सांभाळ."

ती हसली. आणि मग...

"ब्रेक एकोणीस... खेचर आहे का?"

व्हर्लिननं नॉरीनचा आवाज ओळखला. वारा ओरडतोय, आपले कान म्हातारे झालेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"ब्रेक एकोणीस... खेचर?"

"काका," मिरची म्हणाली, "कोण बाई तुम्हाला हाका मारतीये. ओ द्या ना तिला. रस्ता अडवू नका."

म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

त्यानं माईक उचलला. "खेचर आहे."

"चौदावर ये."

डाव्या हाताला टेकडी दिसू लागली. घर अंधारात होतं. नव्या मालकांनी अजून बिऱ्हाड आणलं नव्हतं. त्यानं ट्रकमधल्या रेडिओचं बटण चौदावर फिरवलं. नुसती खरखर. खूप वेळ...

"नॉरीन?"

"आलास होय? एक मिनिट म्हणाला होतास."

"हो गं."

"ती पुलाखालची माणसं?"

"वाचली. दोघीही वाचल्या."

"बरं झालं. चुलीवरचा स्ट्यू सगळा आटला रे, खेचरा."

व्हर्लिनला रडू फुटलं होतं.

"मी उठू का आता?" ती म्हणाली. "बसून बसून पाठ भरून आलीये. तू म्हणत असशील, तर बसते अजून."

त्याला काय पाहिजे होतं, ते सांगायला हवं का? या रस्त्यावर रोज रात्री तिचा आवाज ऐकायला त्यानं उरलेलं सगळं आयुष्य देऊन टाकलं असतं.

"बस," तो म्हणाला. "थोडी बस."

"बरं."

खरखर... त्यात तिचा श्वास. दमलेला... त्यानं ऐकला.

टेकडी मागं जाऊ लागली.

"नॉरीन."

"हं?"

"मी पोचलो गं. सुखरूप पोचलो. ऊठ तू आता."

अजून एक म्हणायचं राहिलं होतं.

"चौदा मोकळं," तो म्हणाला. हे दोन शब्द त्यानं तीन वर्षं तोंडातून काढले नव्हते.

"चौदा मोकळं," ती म्हणाली. "सावकाश चालव."

खट्.

व्हर्लिननं पोटरच्या फाट्यावर ट्रक बाजूला घेतला. दिवा लावला. नॉरीनच्या रेडिओचं खोकं पुढं ओढलं. घोंगडी सोडवली. वायर गुंडाळलेली, जशीच्या तशी. चिकटपट्टी आडवी-उभी. एक कोपराही सुटलेला नव्हता. त्यानं कडेनं नख घालून ती हळूच सोलली...

खालचं बटण एकोणीसवर होतं.