एक पुडी, एक तांब्या पाणी

समाजमंदिरातल्या टेबलावर गावातल्या घराघरांतून आणलेले तेरा तांबे होते. आठ स्टीलचे, चार पितळेचे आणि एक हिरवा प्लॅस्टिकचा मग. पण गावातल्या छबूबाई त्यालाही तांब्याच म्हणत होत्या, म्हणून मेहजबीननं तो मोजणीत धरला. शेजारी दोन लिटरचं काचेचं मोजपात्र, एक वही आणि जुलाबाच्या पेशंटसाठी लिहिलेलं माहितीपत्रक.

निरवांगी गावाला ती कुणाला न सांगता आली होती. बारामतीच्या दवाखान्यात पेशंटच्या हाती जाणारा प्रत्येक कागद तिच्या नजरेखालून जायचा. रसायनशास्त्रात एमेस्सी झालेली ही मुलगी एकेक आकडा ताडून बघायची, मगच सही करायची. तीन आठवड्यांपूर्वी एक वाक्य मात्र तिनं न मोजता सोडलं होतं. ‘एक पुडी, एक तांब्या पाणी.’ इतकं सोपं, की वाचताक्षणी पाठ झालं. लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं आणि त्या भरात टिक करून ती मोकळी झाली. उद्या सकाळी पाच हजार प्रती छापायच्या होत्या. मीठ-साखरेची, म्हणजे ओआरएसची, ही पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. पाणी कमी पडलं तर तेच औषध खारट होऊन लेकराला बाधतं.

“सहाशे चाळीस,” ती पुटपुटली. आधीचा, छबूबाईंचा तांब्या चौदाशे मिलिलिटरचा निघाला होता.

“आमच्यात नऊ माणसं हायती,” छबूबाई म्हणाल्या. “तांब्या काय वाटीएवढा ठिवू व्हय?”

तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. निळा शर्ट, केसांत रस्त्याची धूळ, हातात तेच पत्रक.

“मी मुजम्मिल आतार, डाळजचा. हे मीच लिहिलंय... छापायच्या आधी बायकांकडून एकदा वाचून घ्यावं म्हटलं.” तांबे बघून तो थबकला. “तुम्ही?”

“पाणी मोजतेय.”

“बरं झालं, मुलाणीसर इथं नाहीत,” तो हसला. “बारामतीला कागद तपासतात. फार कडक म्हातारा आहे. माझ्या एका ‘साधारणतः’वर तीन प्रश्न काढले होते.”

मेहजबीननं मान वर केली नाही. “राग येत असेल.”

“राग? मी त्यांच्या लाल पेन्सिलीची वाट बघतो. मागं एका गोळीची वेळ मी चुकीची लिहिली होती, ती त्यांनी पकडली. आमच्या अब्बांना तीच गोळी चालू आहे.” तो जरा थांबला. “माझं लिखाण एवढ्या मायेनं कुणी वाचलेलं नाही. भेटले, तर हात हातात घेऊन आभार मानीन.”

लाल पेन्सिल तिच्या मुठीतच होती. आता खरं बोलणं भाग होतं — आणि बोललं, की हा माणूस पुन्हा असं बोलणार नाही...

“मुलाणीसर चुकलेत,” ती म्हणाली. “हे वाक्य त्यांनी मोजायला हवं होतं. आवडलं म्हणून सोडलं. तेरा तांबे, सहाशे चाळीसपासून चौदाशेपर्यंत. लिटरच्या जवळ फक्त दोन.” मग हळूच, “सहीतलं मे. मुलाणी म्हणजे मेहजबीन. म्हातारा नाही.”

“मला तर पंचवीसची वाटती,” छबूबाई म्हणाल्या.

मुजम्मिलचे कान लाल झाले. त्यानं वही ओढली, तेराही आकडे वाचले. निघून जाईल, असं तिला वाटलं. त्यानं फोन लावला. “छापखाना ना? उद्याचं थांबवा. वाक्य माझं चुकलंय.”

“टिक माझी होती.”

“मग अर्धं अर्धं.” तो छबूबाईंकडं वळला. “घरात लिटरची पाण्याची बाटली असती का, मावशी?”

“हाय की. पोरं रानात पाणी न्हेत्यात त्यातनं.”

एवढं लाडकं वाक्य, पण त्यानं स्वतःच्या हातानं खोडलं. खाली लिहिलं, ‘लिटरची बाटली भरून स्वच्छ पाणी घ्या. त्यात अख्खी पुडी टाका.’ मेहजबीन बघत राहिली. आपली चूक इतक्या सहज खोडणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

आता कुणी काही सुचवायचं नव्हतं; नुसतं वाचून जमतं का, ते बघायचं होतं. छबूबाईंनी अक्षर लावत वाचलं, बाटली भरली आणि मोजपात्रात ओतली. पातळी डोळ्यांसमोर यावी म्हणून मेहजबीन वाकली. समोरून तोही वाकला. काचेपलीकडं त्याचे डोळे...

“आकडा?”

“थांबा. पाणी हलतंय.”

“तुमचा हात लागलाय टेबलाला.” तो हळू आवाजात म्हणाला, “मघाचं मी मागं घेत नाही. यापुढचं सगळं तुम्हीच वाचावं असं वाटतं — कागदावरचं, आणि कागदावर येत नाही तेही.”

“मी फार प्रश्न विचारते.”

“माहितीये. तीन-तीन.”

“तरी?”

“त्यासाठीच.”

“दिसंना का आकडा?” छबूबाई म्हणाल्या. “का मी वाचू?”

“मग हो,” मेहजबीन त्याला म्हणाली, आणि टेबलावरचा हात काढला. “आता लिहा.”

पाणी स्थिर झालं. तिनं वाचलं, त्यानं लिहिलं.

एक हजार दहा मिलिलिटर.